मेक्सिकन हॉटेलात शिरल्यावर आधी टॉर्टिया बघा

आमच्याकडे पुण्याहून पाहुणे आले की चौथ्या-पाचव्या दिवशी कुणीतरी म्हणतंच, "इथे अमेरिकेत मेक्सिकन चांगलं मिळतं म्हणे." मी विचारते, "काय खायचंय?" उत्तर ठरलेलं असतं: नाचोज, बरिटो आणि ते कुरकुरीत टाको. लग्नाच्या बुफेतल्या 'मेक्सिकन काउंटर'वर असतं तेच. त्यात वाईट काही नाही. पण ओळख तिथेच थांबली तर बटर चिकन आणि नान खाऊन 'इंडियन फूड कळलं' म्हणण्यासारखं होतं. भरली वांगी राहिली, पिठलं राहिलं, सोलकढी राहिली.

मी शिकागोच्या पश्चिमेला राहते. जवळच अरोरात बालाजीचं देऊळ आहे आणि त्याच गावात मेक्सिकन वस्तीही मोठी आहे. त्यामुळे आमच्या बऱ्याच रविवारी आधी दर्शन आणि मग टाको असतात. (उलटा क्रम सासूबाईंना चालत नाही.) इतक्या वर्षांत चुकतमाकत जे कळलं ते नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी लिहिते आहे.

पहिली पायरी: टॉर्टिया

मेन्यू उघडण्याआधी शेजारच्या टेबलावर काय आहे ते बघा. टॉर्टिया म्हणजे तिथली पोळी-भाकरी, आणि टाको म्हणजे तीच सारण भरून दुमडलेली. चांगली टॉर्टिया मक्याची, तळहाताहून थोडी मोठी असते. कडा किंचित वेड्यावाकड्या, मधे एखाद-दुसरा करपलेला ठिपका, आणि भाकरी फडक्यात ठेवतो तशी कापडात गुंडाळून आलेली. जवळ नेली की उकडलेल्या कणसाचा आणि अगदी हलका चुन्याचा वास येतो. चुन्याचा, कारण तिच्यात खरंच चुना असतो. पानाला लावतो तोच.

कोरडा मका चुन्याच्या पाण्यात उकळायचा, रात्रभर तसाच ठेवायचा आणि सकाळी चोळून धुवायचा. दाण्यांवरची सालं सुटून जातात. या मक्याला निश्तामाल म्हणतात. तो ओला असतानाच वाटला की जो गोळा होतो त्याचं नाव 'मासा'. (शाकाहारी मंडळींनी दचकू नये. हे पीठच आहे.) पूर्वी हे वाटण मेताते नावाच्या तीन पायांच्या दगडी पाट्यावर व्हायचं, आता गिरणीत होतं.

आपली मक्याची भाकरी थापताना कडेने फाटते आणि गार झाली की मोडते. टॉर्टिया मात्र घडी घाला, सारण भरा, रश्शात बुडवा, बऱ्यापैकी टिकते. ही सगळी करामत चुन्याची. त्याने दाण्याचं साल आणि पेशींच्या भिंती सैल होतात आणि पीठ एकमेकांना धरतं. शिवाय मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळू लागतं. युरोपने मेक्सिकोहून मका नेला, पण चुना तिथेच सोडला. मग उत्तर इटलीत, आणि पुढे अमेरिकेच्या दक्षिणेतही, मक्यावर दिवस काढणाऱ्या गरिबांमध्ये पेलाग्रा हा नायसिन न मिळाल्याने होणारा रोग पसरला. मेक्सिकोतल्या बायका हजारो वर्षं जे करत होत्या त्यामागचं कारण विज्ञानाला विसाव्या शतकात उमगलं.

मक्याचा विषय निघाला आणि पांडुरंग खानखोजे यांचं नाव घेतलं नाही तर मराठी माणसाला शोभायचं नाही. गदर चळवळीतले हे वर्ध्याचे क्रांतिकारक १९२०च्या दशकात मेक्सिकोत पोचले, चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात शिकवू लागले आणि मक्याच्या वाणांवर संशोधन करू लागले. मेक्सिको सिटीत शिक्षण मंत्रालयाच्या भिंतींवर दिएगो रिवेराने जी चित्रं रंगवली, त्यांतल्या एकात भाकरी वाटून खाणारी माणसं टेबलाभोवती बसली आहेत. त्या टेबलाच्या मुख्य जागी खानखोजे आहेत. कधी तिकडे गेलात तर टाको खायच्या आधी ते चित्र बघून या.

आता हॉटेलात ओळखायचं कसं? सर्वांत वरचा नंबर स्वतः निश्तामाल करून वाटणाऱ्यांचा. अशी ठिकाणं थोडी असतात आणि ती हे अभिमानाने पाटीवर लिहितात. दुसरा नंबर तयार पिठाची का होईना, पण समोर तव्यावर भाजून देणाऱ्यांचा. या तव्याला कोमाल म्हणतात. तिसरा नंबर गावातल्या टॉर्टियाच्या कारखान्यातून रोज ताजा माल आणणाऱ्यांचा. माझ्या मते हेही झकास. पाकिटातली थंड, रबरासारखी टॉर्टिया न भाजता दिली तर तिथे पाण्याशिवाय काही मागवू नका. विचारायला लाजू नये. 'एचास आ मानो?' म्हणजे 'हाताने केलेल्या का?' एवढं पुरतं. टॉर्टिया कोमालवर शेवटची उलटली की फुलक्यासारखी फुगते. मुलीची टॉर्टिया फुगली की 'आता तुझं लग्न करायला हरकत नाही' अशी थट्टा मेक्सिकोत होते. गोल पोळीवरून आपल्याकडे काय काय ऐकून घ्यावं लागतं ते आठवलं आणि मला एकदम माहेरी गेल्यासारखं वाटलं.

गव्हाची टॉर्टिया म्हणजे खोटी, असं मात्र धरू नका. उत्तरेकडे, सोनोरा-चिवावा-नुएव्हो लेओनकडे गहू पिकतो आणि तिथली टॉर्टिया गव्हाचीच असते. सोनोरात तर ती रुमाली रोटीसारखी पातळ आणि हातभर रुंद करतात. पाटीवर दक्षिणेकडच्या, मका खाणाऱ्या युकातानचं नाव आणि ताटात गव्हाची गार गुंडाळी, असं असेल तर शंका घ्यावी.

दुसरी पायरी: हे हॉटेल कुठल्या गावचं?

'मेक्सिकन जेवण' ही कल्पना मेक्सिकोबाहेरची. तिथे माणूस वाहाकाचं खातो, युकातानचं खातो, हालिस्कोचं खातो. आपण कुठे 'भारतीय' खातो? आपण मालवणी खातो, खानदेशी खातो, वऱ्हाडी खातो. म्हणून पाटीवर किंवा मेन्यूच्या कोपऱ्यात गावाचं, राज्याचं नाव शोधा. नाव असेल तर मालक आपल्या आईच्या हातचं काहीतरी करत असण्याची शक्यता बरीच वाढते.

शिकागोत मेक्सिकोच्या मिचोआकान राज्यातून आलेले लोक खूप. त्यामुळे पिल्सन आणि लिटल व्हिलेज या वस्त्यांत कार्नितास मिळतात. डुकराचं मांस त्याच्याच चरबीत तांब्याच्या मोठ्या काहिलीत तासन्‌तास शिजवतात. मिचोआकानमधलं सांता क्लारा देल कोब्रे हे गाव तांब्याच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध आहे, थोडक्यात तिथलं तांबट आळीचं गाव. न्यू यॉर्कच्या आसपास पुएब्लाचे लोक जास्त, म्हणून तिथे मोले, म्हणजे सुक्या मिरच्यांच्या वाटणाचा रस्सा, शोधा. न्यू जर्सीतल्या एडिसनच्या मराठी मंडळींनी तर गाडी काढून शेजारच्या न्यू ब्रन्सविकला जावं. तिथे वाहाकाची मोठी वस्ती आहे. त्लायुदा मागवा: परातीएवढी कुरकुरीत टॉर्टिया, वर काळ्या घेवड्याचं वाटण आणि दोऱ्यासारखं सुटणारं केसिओ चीज. लॉस एंजेलिसमध्येही वाहाकाचे लोक भरपूर आहेत.

ग्वादालाहारा आणि मॉन्तेरे इथे भारतीय आयटी कंपन्यांची कार्यालयं आहेत, त्यामुळे प्रोजेक्टवर थेट मेक्सिकोतच पोचणारे मराठी लोकही आहेत. ग्वादालाहाराला गेलात आणि मांसाहारी असाल तर तोर्ता आओगादा चुकवू नका. कडक सालीच्या पावात डुकराचं मांस भरतात आणि तो पाव झणझणीत लाल रश्शात बुडवून देतात. हात बरबटतात, नाक वाहतं, कोल्हापूरकरांना परकं वाटणार नाही. बिर्रिया हा मांसाचा रस्साही तिथलाच. मूळचा बोकडाच्या मटणाचा. चीज घालून तव्यावर परतलेले आणि रश्शात बुडवून खायचे जे टाको हल्ली सगळीकडे दिसतात, ती तिहुआना या सीमेवरच्या शहराकडून पसरलेली गोमांसाची आवृत्ती आहे. मॉन्तेरेत कोवळ्या करडाचं निखाऱ्यावर भाजलेलं काब्रितो मिळतं.

याच पायरीवर आणखी एक तपासा: मेन्यू किती लांब आहे? मिसळीच्या दुकानात पिझ्झा मिळू लागला की आपण काय समजतो, तेच इथे समजायचं. मेक्सिको सिटीतल्या सान राफाएल भागात एल कालिफा दे लेओन नावाचं टाकोचं छोटं दुकान आहे. उभ्यानेच खायचं. मेन्यूवर मोजून चार प्रकार. २०२४ मध्ये मिशेलिन या हॉटेलांना मानांकन देणाऱ्या मार्गदर्शिकेने त्याला तारा दिला. त्यानंतर तिथे रांगा वाढल्या, पदार्थ चारच राहिले.

मधेच एक शंका: 'अस्सल' म्हणजे जुनं का?

ही पायरी नाही, पण नवख्यांची फसगत इथेच होते. टाको आल पास्तोर घ्या. उभ्या सळईवर डुकराच्या मांसाच्या चकत्यांचा लाल डोलारा, वर अननस, आणि कारागीर सपासप कापत थेट टॉर्टियात झेलतो. मेक्सिको सिटीची ही ओळख. पण तो डोलारा म्हणजे लेबनॉनहून आलेल्या लोकांचा शावर्मा. पुएब्लात त्याचे टाको आराबेस झाले, नंतर राजधानीत मसाला बदलला, अननस आला आणि आल पास्तोर तयार झालं. सगळा इतिहास शंभर वर्षांच्या आतला. तरी ते अस्सल नाही असं मेक्सिकोत म्हणून बघा!

टेक्सासकडच्या, पिवळं चीज आणि जिरं भरपूर घातलेल्या जेवणालाही म्हणून मी नाक मुरडत नाही. टेक्सासमधल्या सान अँटोनियोच्या चौकात रात्री चिली, म्हणजे मिरची-मांसाचा रस्सा, विकणाऱ्या बायका एकोणिसाव्या शतकापासून होत्या. ती सीमेवरच्या मेक्सिकन लोकांचीच पाककृती आहे. फक्त तिला तिच्या नावाने, टेक्स-मेक्स म्हणून, ओळखावं. नाचोज तर खरोखर मेक्सिकोतले. १९४०च्या दशकात पिएद्रास नेग्रास या सीमेवरच्या गावात इग्नासिओ आनाया याने जेवणाची वेळ उलटून आलेल्या अमेरिकन बायकांना हॉटेलच्या स्वयंपाकघरात होतं नव्हतं त्यातून करून दिले. इग्नासिओचं लाडाचं नाव नाचो.

तिसरी पायरी: वार आणि वेळ

मंगळवारी रात्री बार्बाकोआ हे मंद शिजवलेलं मांस मागू नका. मेक्सिकोत, विशेषतः इदाल्गोकडे, मेंढीचं मांस मागेच्या, म्हणजे घायपाताच्या जातीच्या झाडाच्या पानांत गुंडाळून जमिनीतल्या खड्ड्यात रात्रभर शिजवतात आणि शनिवार-रविवारी सकाळी विकतात. दुपारपर्यंत संपतं. रायगडच्या पोपटीची कल्पना असलेल्याला हे लगेच कळेल. अमेरिकेतल्या हॉटेलात मात्र बार्बाकोआ म्हणजे बहुधा गोमांस, आणि तेही पातेल्यात शिजवलेलं. मेनुदो हा वजडीचा रस्साही शनिवार-रविवारचा, आदल्या रात्री जास्त झालेल्यांसाठी. तामाले, म्हणजे आवरणात गुंडाळून वाफवलेले मासाचे गोळे, सकाळचे. आल पास्तोर अंधार पडल्यावर. गेरेरो राज्यात पोसोले हा निश्तामालाच्या दाण्यांचा रस्सा गुरुवारी खातात. 'फक्त शनिवार-रविवार' अशी हाताने लिहिलेली चिठ्ठी भिंतीवर दिसली की मला फार आनंद होतो.

चौथी पायरी: मिरची

मिरची आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आली आणि आपण ती आपलीच मानली, म्हणून मेक्सिकन तिखटाबद्दल आपल्याला फाजील आत्मविश्वास असतो. पण तिथे प्रश्न फक्त 'किती तिखट' हा नसतो. ब्याडगी रंगाला आणि लवंगी तिखटाला, हे आपण जाणतोच. तिकडे हा हिशेब बराच पुढे गेला आहे. सुकवलेल्या पोब्लानोला आंचो म्हणतात, मनुक्यासारखी गोडसर. ग्वाहियो रंगाला आणि आंबूस चवीला. पिकलेल्या हालापेन्योला धूर दिला की चिपोत्ले. आर्बोल म्हणजे निव्वळ जाळ. युकातानात आबानेरो. तिला फुलांसारखा वास असतो, त्याला भुलून चमचाभर घेऊ नका.

टेबलावर निदान दोन साल्सा, म्हणजे चटण्या, हव्यात आणि दोन्हींची चव वेगळी हवी. हिरवी साल्सा तोमातियोची. हा कच्चा टोमॅटो नसतो. कागदी आवरणातलं हे निराळं आंबट फळ, रानातल्या पोपटीच्या फळाच्या कुळातलं. लाल साल्सा भाजलेल्या मिरच्यांची. बाटलीतल्या केचपसारखी गोड लागली तर समजा की स्वयंपाकघरात कुणाला फिकीर नाही.

मोलेबद्दल 'चॉकलेटचा सॉस' असं सांगितलं जातं ते विसरा. चॉकलेट असतं, पण सगळ्या मोलेंत नसतं, आणि पुएब्लाच्या मोलेतही चिमटीभरच. मोले म्हणजे वाटण. तीन-चार प्रकारच्या सुक्या मिरच्या भाजून, भिजवून, वर तीळ, शेंगदाणे, बदाम, लवंग, दालचिनी, मनुका, करपवलेली टॉर्टिया असं सगळं वाटून चरबीत परतत राहायचं. वाहाकात सात मोले मानतात, काळ्यापासून हिरव्यापर्यंत. चांगल्या मोलेची पहिली चव कळत नाही, तिसऱ्या घासाला कळते. चमच्याने थोडा नुसता चाखा. गोडच गोड लागला तर बरणीतला आहे. कडा कडवट आणि शेवट तिखट असेल तर कुणीतरी दोन दिवस राबलं आहे.

पाचवी पायरी: मागवायचं कसं, आणि काय टाळायचं

पहिल्यांदा तीन वेगवेगळे टाको घ्या. ते लहानच असतात. 'कोन तोदो' म्हटलं की वर कांदा-कोथिंबीर पडते. लिंबू स्वतः पिळायचं. चीज, आंबट साय, आईसबर्ग लेट्यूस टाकोवर मागू नका, मिळालं तरी काढून ठेवा.

मांसाचे शब्द आधी पाठ करा. पोयो म्हणजे कोंबडी. पुएर्को किंवा सेर्दो म्हणजे डुक्कर, आणि आल पास्तोर, कार्नितास, कोचिनिता, चिचारोन हे सगळे त्यातलेच. रेस म्हणजे गोमांस. आसादा, सुआदेरो बहुधा तेच. लेंग्वा म्हणजे जीभ. चिवो म्हणजे बोकड, पण बिर्रिया मागण्याआधी 'रेस की चिवो' हे विचाराच.

शाकाहारी लोकांना इथे खरी मेहनत आहे. सुरुवातीला एका ठिकाणी मी 'सिन कार्ने', बिनमांसाचं, असं ठणकावून सांगितलं आणि ताटात कोंबडी आली. वाढणाऱ्याचं चुकलं नव्हतं. 'कार्ने' म्हटलं की अनेकांच्या डोळ्यांसमोर लाल मांसच येतं. दुसऱ्या एका ठिकाणी वर्षभर आवडीने खाल्लेल्या घेवड्यात डुकराची चरबी होती, हे मला मैत्रिणीने सांगितलं. तेव्हापासून तीन गोष्टी विचारते: फ्रिहोलेस म्हणजे घेवड्यात मान्तेका आहे का, भात काल्दो दे पोयोत म्हणजे कोंबडीच्या पाण्यात शिजवलाय का, आणि तामालेच्या पिठात काय फेसलंय. 'मान्तेका' म्हणजे डुकराची चरबी, 'मान्तेकिया' म्हणजे लोणी. इथे कान टवकारून ऐका.

हे पार केलं की शाकाहाऱ्यांचं ताट छान भरतं. राहास म्हणजे भाजून सोललेल्या पोब्लानो मिरचीच्या पट्ट्या, साय-चीज घालून. नोपालेस म्हणजे काटे काढलेला फड्या निवडुंग, भेंडीसारखा बुळबुळीत आणि आंबूस. फ्लोर दे कालाबासा म्हणजे भोपळ्याची फुलं. कोकणात, गोव्यात ज्यांच्या घरी त्यांची भजी होतात त्यांनी ती केसादियात, म्हणजे सारण भरून दुमडून भाजलेल्या टॉर्टियात, जरूर खावी. वित्लाकोचे म्हणजे कणसावरची काळी बुरशी. नाव ऐकून आमच्या पाहुण्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात, चव मात्र अळंबीची. मेक्सिको सिटीत मात्र केसादियात चीज गृहीत धरू नका, तिथे ते वेगळं सांगावं लागतं. यावर देशभर वाद आहे, त्यात आपण पडू नये.

पेयात आग्वा दे हमाइका घ्या. लालबुंद, आंबट. पहिल्यांदा प्यायले तेव्हा ओळखीचं का वाटतंय ते कळेना. आपल्या लाल अंबाडीची बोंडं ती! चिंचेचं सरबतही असतं. आणि फळांच्या गाडीवर आंब्याला तिखट-मीठ-लिंबू लावून देतात, तिथे काही शिकावं लागत नाही.

राहता राहिलं बिल. रस्त्यावरच्या टाकोच्या गाडीवर बऱ्याचदा आधी खायचं आणि शेवटी किती खाल्ले ते आपणच सांगायचं असतं. निघताना शेजारी जेवत असलेल्यांना 'प्रोवेचो' म्हणायचं, म्हणजे सावकाश होऊ द्या. सासूबाईंना हे दोन्ही फार आवडलं. पहिल्या खेपेला त्यांनी भोपळ्याच्या फुलांचे पाच खाल्ले, चार सांगितले, सगळ्यांना प्रोवेचो केलं आणि निम्म्या वाटेवर त्यांना पाचवा आठवला. गाडी वळवावी लागली. तिथे पोचल्यावर पैसे देऊन त्यांनी आणखी एक मागवला.